शेजाऱ्याशी चांगलं वागायला काय माहीत असावं लागतं?

रानवारा (धागाकर्ती)

शेजाराविषयी बोलणं निघालं की गाडी लगेच मनाच्या मोठेपणावर येते. मन मोठं असलं की झालं, माणुसकी असली की झालं. मला ते अपुरं वाटतं. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे जे शेजारी मी पाहिले, त्यांतले बहुतेक मनानं वाईट नव्हते. एकाला दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नव्हतं ते त्यानं आपल्या मनानं भरून काढलं होतं. दार जोरात लागलं म्हणजे माझ्यावरचा राग. जिन्यात नजर वळवली म्हणजे गर्व. बाळ रात्रभर रडतं म्हणजे आईबापांना सांभाळता येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खूप माहिती असलेला माणूस शेजारी म्हणून जाच होऊ शकतो. नियम तोंडपाठ, तब्येतीचं ज्ञान भरपूर, मुलं कशी वाढवावी, झाडांना पाणी कधी घालावं, सगळं माहीत. आणि भेटेल तिथे त्यातलं काहीतरी समोरच्याच्या पदरात टाकल्याशिवाय चैन नाही. त्याची माहिती चुकीची असते असं नाही. तरी त्याची चाहूल लागली की लोक दार लोटून घेतात.

म्हणून मला असं वाटतं की शेजारधर्माला ज्ञान आणि विनय दोन्ही लागतात, आणि एकाशिवाय दुसरं फारसं उपयोगी पडत नाही. माहिती नसेल तर चांगुलपणा भलत्याच जागी खर्ची पडतो. विनय नसेल तर माहितीची पाळत होते.

एखादी साधी गोष्ट कळली आणि शेजाऱ्याकडे बघण्याची नजर बदलली, असं तुमच्या बाबतीत घडलंय का? तुमच्या कामातली, अभ्यासातली माहिती असेल तर जरूर लिहा. नुसते सुविचार नकोत, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहेत.

कंपास

चांगला विषय. इमारतींमध्ये आवाज कसा फिरतो हे तपासणं माझं काम आहे, म्हणून त्यातलं लिहितो. वरच्या आणि खालच्या मजल्यांच्या भांडणात माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोन्ही पक्ष खरं बोलत असतात.

आवाज दोन वाटांनी येतो. बोलणं, गाणं, टीव्ही हा हवेतून येणारा आवाज. भिंत जड असेल, दाराखिडक्यांच्या फटी बुजवलेल्या असतील तर तो बराच अडतो. दुसरा आघाताचा आवाज: टाच टेकणं, खुर्ची ओढणं, काहीतरी हातातून पडणं. इथे धक्का थेट स्लॅबला बसतो, स्लॅब थरथरतो आणि खालच्या खोलीचं अख्खं छत कर्ण्यासारखं वाजतं. वरच्या माणसाला खुर्ची सरकल्याचा बारीकसा आवाज येतो, खालचा झोपेतून दचकून उठतो. ‘आम्ही तर काहीच आवाज करत नाही’ हे वरच्याचं वाक्य म्हणूनच प्रामाणिक असतं. ‘हे मुद्दाम चाललंय’ असं खालच्याला वाटतं तेही समजण्यासारखं असतं, कारण इतका मोठा आवाज नकळत होत असेल यावर विश्वास बसत नाही.

आता यातली खरी अडचण. आघाताचा आवाज जिथे निघतो तिथेच तो सहज थांबवता येतो. खालच्यानं छताला फोमचे तक्ते चिकटवले तर त्याच्या स्वतःच्या खोलीतला घुमारा कमी होतो, वरून येणारा धक्का तसाच येत राहतो. मूळ छताला न चिकटणारं वेगळं छत टांगायचं तर ते मोठं बांधकाम झालं. वरच्यानं मात्र खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) लावलं, येण्याजाण्याच्या वाटेवर जाड गालिचा आणि त्याखाली रबराचा थर घातला, घरात मऊ तळाच्या चपला वापरल्या, तर खरखर आणि टकटक बरीच उतरते. अनवाणी टाचेचा धप्प आवाज सगळ्यात चिवट. तो खालच्या पट्टीतला असतो, गालिच्यानं थोडाच कमी होतो. तिथे चालच हलकी करावी लागते.

म्हणजे त्रास एका घरात आणि उपाय दुसऱ्या घरात. ज्याला त्रास होतोय त्याच्या हातात काही नाही, आणि ज्याच्या हातात आहे त्याला तो ऐकूच येत नाही. हे एकदा कळलं की ‘मला तर काही ऐकू येत नाही’ हा पुरावा होऊ शकत नाही हेही कळतं.

डेसिबलबद्दल थोडं. ही मोजपट्टी सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. शिवाय रात्री भोवतालचा गोंगाट खाली गेलेला असतो, त्यामुळे दुपारी लक्षातही न येणारा आवाज रात्री एकटाच उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २००९ साली रात्रीसाठी घराबाहेरच्या आवाजाची सरासरी ४० डेसिबलपर्यंत असावी असं सुचवलं होतं. झोपेच्या बाबतीत शरीर किती हळवं असतं हे त्यावरून लक्षात यावं.

मिताक्षरी

कंपास, प्रतिसाद जपून ठेवला. खुर्च्यांना फेल्ट लावायचं काम आजच करते. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो.

दुसरी_बाजू

धागा चांगला आहे, पण मला मूळ मांडणीच पटत नाही. लोकांना माहीत नसतं म्हणून ते वाईट वागतात, हे जरा जास्तच उदार निदान झालं. आमच्या डोक्यावर जे कुटुंब राहतं त्यांना सांगून झालं आहे. त्यांना माहीत आहे. फरक शून्य.

आणि विनयाबद्दल तर माझी तक्रारच आहे. विनय नेहमी सोसणाऱ्याकडून मागितला जातो. जो आवाज करतो, वाट अडवतो, दुसऱ्याच्या दारात स्वतःचं सामान मांडतो त्याला कुणी नम्र हो म्हणत नाही. ज्याला त्रास होतो त्याला सगळे सांगतात, जाऊ दे, तू समजूतदार आहेस. समजूतदारपणाचा हा भुर्दंड आयुष्यभर एकाच बाजूनं भरायचा का?

रानवारा

दुसरी_बाजू, तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मुकाट सोसण्याला मी विनय म्हणतच नाही. ज्याला विनय म्हणून गळ्यात मारलं जातं ते पुष्कळदा नुसतं गप्प बसणं असतं, आणि गप्प बसलेला माणूस आतून हिशेब ठेवत असतो. एक दिवस तो हिशेब एकदम बाहेर येतो आणि समोरच्याला कळतच नाही की एवढ्याशा गोष्टीवरून हा इतका का भडकला.

मला अभिप्रेत असलेला विनय एवढाच, की शेजाऱ्याच्या वागण्याचा मी लावलेला अर्थ चुकीचा असू शकतो, ही जागा मोकळी ठेवायची. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली आपल्या सगळ्यांत असलेल्या एका खोडीला नाव दिलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करतो. स्वतःच्या वागण्याची मात्र परिस्थिती आपल्याला नेमकी माहीत असते. माझं दार वाऱ्यानं आपटतं, त्याचं दार उद्धटपणानं आपटतं.

ही जागा मोकळी ठेवून ठामपणे बोलता येतं. ‘तुम्हाला कुणाची पर्वाच नाही’ यात निकाल आहे. ‘रात्री साडेअकरानंतर खुर्ची ओढल्याचा आवाज थेट आमच्या झोपायच्या खोलीत येतो, माझी झोप मोडते’ यात फक्त जे घडतं ते आहे, आणि ते तसूभरही सौम्य केलेलं नाही. दुसऱ्या वाक्यावर समोरच्याला भांडायला काही सापडत नाही.

एक विचारू का? तुम्ही त्यांना सांगितलं तेव्हा नेमकं काय सांगितलं होतं? ‘आवाज होतो’ एवढंच, की कोणता, कुठे, किती वाजता?

श्रवणा

मी श्रवणदोष तपासते. रोज वयस्कर माणसं येतात आणि त्यांच्या सोबत आलेले लोक दारातच सांगतात, शेजारी टीव्हीवरून भांडतात.

वयानुसार ऐकू कमी येतं म्हणजे सगळे आवाज सारखे मंद होतात, असा समज आहे. तसं होत नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. आपल्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत असतात आणि स, श, फ, ठ, थ यांसारख्या व्यंजनांचा मोठा भाग वरच्या पट्टीत. त्यामुळे आजींना कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. म्हणून त्या टीव्ही मोठा करतात. मोठा केल्यावर स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं धूसरच राहतात. शेजारच्या भिंतीतून जाते ती खालच्या पट्टीतली घुमघुम, म्हणजे नेमका तोच भाग जो आजींना आधीपासून ऐकू येतोच आहे.

त्यांच्याशी ओरडून बोलणं हीसुद्धा अशीच फसलेली भलाई. ओरडल्यावर आवाज चिरकतो आणि चेहरा रागावलेला दिसतो. समोर, उजेडात उभं राहावं, तोंड दिसू द्यावं, आवाज थोडा खालच्या पट्टीत आणि गती कमी ठेवावी. वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा जोरात म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगावं. टीव्हीसाठी पडद्यावरची अक्षरं सुरू करून देता येतात, वायरलेस हेडफोन जोडून देता येतो. पण हे सगळं ‘आजी, तुमच्या टीव्हीचा त्रास होतो’ यानं सुरू झालं की त्या टीव्ही बंद करून बसतात. मी हे पाहिलं आहे. आवाज थांबला म्हणून शेजारी समाधानी, आणि त्या बाईंचा संध्याकाळचा एकमेव सोबती गेला.

‘आजी, बातम्या नीट कळतात का हो?’ असं विचारलं तर त्या स्वतःच सांगतात की नाही कळत.

बालसंगोपन_वाचक

श्रवणाताई, फार उपयोगी लिहिलंत.

रानवारा यांनी बाळाच्या रडण्याचा उल्लेख केला म्हणून. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रडणं पहिल्या काही आठवड्यांत वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. त्यातही संध्याकाळी जास्त. आईबापांनी काहीही केलं तरी काही बाळं रडतातच.

भिंतीपलीकडच्या माणसाला एवढं माहीत असलं तर दोन गोष्टी होतात. हे कायमचं नाही हे कळतं, आणि सल्ला द्यायची घाई निवते. बाळाच्या आईला त्या दिवसांत सल्ल्यांचा तोटा नसतो. ‘रडण्याचा आम्हाला काही त्रास नाही, तुम्ही संकोच करू नका’ हे वाक्य मात्र तिला फार कमी लोक ऐकवतात. ज्या घरानं मला ते ऐकवलं त्यांच्याविषयी मला आजही भरून येतं.

पैलतीर

मी वयाच्या त्या टोकाला पोचलेला माणूस आहे, म्हणून मदत घेणाऱ्याच्या बाजूनं लिहितो.

हात थरथरतात. कुलूप उघडायला वेळ लागतो. जिन्यातला दिवा मिणमिणता. येणारे-जाणारे भले लोक आहेत. कुणी ‘द्या काका, मी उघडतो’ म्हणून हातातली किल्ली घेतो, दार उघडतो आणि निघून जातो. कुणी थरथरीवर काय घ्यावं ते सांगतो. कुणी सुचवतो की आता दाराला आकड्यांचं कुलूप बसवा. सगळ्यांचा हेतू चांगला, मी कुणालाच नावं ठेवत नाही. पण दर वेळी आत जाताना मी घराबाहेर होतो त्यापेक्षा थोडा म्हातारा झालेला असतो.

समोरच्या घरात एक विद्यार्थिनी राहते. तिनं किल्ली मागितली नाही. मोबाइलचा उजेड कुलपावर धरला आणि थांबली. मला जितका वेळ लागायचा तितका लागला. मधे ती काही बोलली नाही, घड्याळाकडेही पाहिलं नाही. दार उघडल्यावर ‘येते हं काका’ म्हणून गेली.

त्या मुलीला थरथरीबद्दल बाकीच्यांपेक्षा जास्त माहिती होती असं नाही. तिनं नीट पाहिलं होतं. अडत होतं ते किल्लीचं भोक न दिसल्यामुळे, हे तिला दिसलं. बाकीच्यांना फक्त म्हातारा दिसला होता.

मिताक्षरी

पैलतीर काका, हे वाचून थांबले. नमस्कार.

नकाशा_वाचक

पैलतीर यांच्या प्रतिसादाला जोडूनच. आपण स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहावं असं लहानपणापासून शिकवलं जातं. एयाल, स्टेफेल आणि एप्ली या तीन संशोधकांनी २०१८ साली या उपदेशाचीच परीक्षा घेतली, २५ प्रयोग करून. दुसऱ्याच्या जागी आपण आहोत अशी कल्पना केल्यावर त्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखता येतं का? उत्तर आलं, नाही. त्या माणसाशी बोलून, त्यालाच विचारून घेतल्यावर मात्र अचूकता वाढली.

मला यात विनयाचा सगळ्यात पक्का आधार दिसतो. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवलं तरी त्या जागी उभा राहणारा मीच असतो. माझे कान, माझ्या सवयी, माझी झोप घेऊनच मी तिथे जातो.

दुसरी_बाजू

रानवारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ‘फार आवाज येतो’ एवढंच सांगितलं होतं, तेही लिफ्टमध्ये, त्यांच्यासोबत पाहुणे असताना. त्यावर विचार करतोय.

पण आता या विचारण्याविषयीच शंका आहे. शेजाऱ्याची माहिती असावी, त्याला विचारावं, हे सगळं ठीक. यातूनच चौकशा सुरू होतात. कोण कुठे गेलं, कोण किती वाजता आलं, घरात सध्या कोण राहतंय, नोकरी आहे का गेली. ‘आम्ही काळजीनं विचारतो’ असं म्हणतच हे चालतं. माझ्या घराविषयी शेजाऱ्याला जितकं कमी माहीत तितकं मला बरं वाटतं. मग तुमचं ज्ञान आणि ही चौकशी यांत रेघ कुठे मारायची?

नकाशा_वाचक

प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर सरळ नाही. आधी दुसऱ्या टोकाचं एक उदाहरण देतो.

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानमध्ये कोबे परिसरात मोठा भूकंप झाला. घरं कोसळली, माणसं ढिगाऱ्याखाली अडकली. ज्यांना बाहेर काढता आलं त्यांतल्या बहुसंख्यांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं. सरकारी बचाव पथकं सगळीकडे वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. भूकंपाच्या केंद्राजवळ आवाजी बेटावर होकुदान नावाचं छोटं गाव होतं. तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलातले लोक आणि शेजारी यांनी ढिगाऱ्यांतून शेकडो माणसं काढली आणि शोधाचं काम त्याच दिवशी संपवलं. इतक्या लवकर जमण्याचं एक कारण असं, की कोणत्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं हे त्यांना ठाऊक होतं. कुठे खणायचं हे शोधण्यात वेळ गेला नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. सातशेहून अधिक माणसं दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येनं होते. दार ठोठावून ‘ठीक आहात ना’ असं विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणजे शेजाऱ्याविषयी काहीच माहीत नसणं ही काही निर्धोक स्थिती नाही. पण शेजारी कुठे झोपतो हे माहीत असणं आणि त्यावर चार ठिकाणी बोलणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मी रेघ तिथे मारतो. शेजाऱ्याविषयी मला जे कळलं ते त्याच्या उपयोगासाठी माझ्याकडे ठेव म्हणून आहे. ते तिसऱ्याकडे गेलं की मी ठेव मोडली. आणि जे कळून त्याचा काहीच उपयोग होणार नाही, फक्त माझं कुतूहल शमणार, ते विचारायचंच नाही. घरात एकट्यानं राहणारं कुणी आहे का, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, एवढं विचारायला हरकत नाही. नोकरी का गेली हे विचारायचं कारण नाही.

विचारणाऱ्यानं आधी स्वतःचं सांगावं, ही माझी आणखी एक कसोटी. ‘माझी एक किल्ली बहिणीकडे असते, तिचा नंबर तुमच्याकडे असू द्या’ असं सांगून मग थांबावं. समोरच्याला वाटलं तर तो त्याचं सांगेल. नाही सांगितलं तर तोही त्याचा हक्क.

ओवीकार

आपल्याकडे या विषयाचा विचार फार आधी झाला आहे, आणि तो इथे यायलाच हवा. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञान म्हणजे काय ते सांगताना एक यादी येते. त्या यादीत पहिलं लक्षण कोणतं? अमानित्व, मानाची हाव नसणं. दुसरं अदंभित्व, मग अहिंसा, मग क्षमा, मग सरळपणा. म्हणजे इथे विनय हा ज्ञानावर वरून घातलेला दागिना नाहीच. त्याच्यापासूनच ज्ञानाची मोजदाद सुरू होते.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये केलेल्या टीकेत या एकेका लक्षणावर ओव्यांमागून ओव्या लिहिल्या आहेत. अहिंसेच्या वर्णनात ज्ञानी माणूस कसा चालतो ते येतं. पायाखाली बारीकसे जीव असतील हे जाणून तो करुणेत पाऊल लपवत चालतो. इथे जाणणं आधी येतं, हे पाहा. खाली कुणीतरी आहे हे ठाऊक आहे, म्हणून पाऊल हलकं पडतं.

कंपास यांनी टाचेच्या आवाजाबद्दल लिहिलं ते वाचताना मला ही ओवीच आठवत होती.

कंपास

ओवीकार, हे मला माहीत नव्हतं. मनापासून आभार.

घडीभर

वाचतेय केव्हाची. एक प्रयोग सांगते, कारण इथे सगळे ज्ञानाच्या बाजूनं बोलतायत आणि तो ज्ञानाची मर्यादा दाखवतो.

डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला हा अभ्यास. धर्मगुरू होण्यासाठी शिकणारे ४० विद्यार्थी. त्यांतल्या निम्म्यांना बायबलमधल्या दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर बोलायचं होतं. रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला धर्माचे दोन जाणकार ओलांडून जातात आणि ज्याच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती असा माणूस थांबतो, असा तो दाखला. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच तो सांगितलेला आहे. विद्यार्थ्यांना बोलण्यासाठी दुसऱ्या इमारतीत जायचं होतं, आणि वाटेत एक माणूस दाराशी कोसळून खोकत, कण्हत बसवलेला होता.

कोण थांबलं? ज्यांना ‘भरपूर वेळ आहे’ असं सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के. ‘वेळेवर निघा’ म्हटलेल्यांतले ४५ टक्के. ‘उशीर झालाय, लवकर जा’ म्हटलेल्यांतले अवघे १० टक्के. डोक्यात तो दाखला घोळतो आहे की दुसरा विषय, यानं ठळक फरक पडला नाही.

मी स्वभावानं यावर निराश होत नाही. मला यातून एवढं दिसतं की आपण चांगले शेजारी आहोत की नाही, हे आपल्याला काय माहीत आहे यावर जितकं ठरतं तितकंच आपण किती घाईत आहोत यावरही ठरतं. पैलतीर काकांच्या शेजारची मुलगी थांबली. तिनं काय केलं याचं अर्धं उत्तर त्या थांबण्यातच आहे.

वैद्यकीय_सेवक

मी डॉक्टर आहे आणि आमच्या इमारतीत सगळ्यांना ते माहीत आहे. रानवारा यांनी ज्या ‘सल्लागार’ शेजाऱ्याचं वर्णन केलं तो होण्याचा धोका मला रोज असतो, म्हणून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. विचारल्याशिवाय बोलत नाही. विचारलं तरी आधी विचारतो, तुमचे डॉक्टर काय म्हणाले? आणि कुणाच्या आजाराविषयी मला जे कळतं ते माझ्या घरातसुद्धा बोललं जात नाही.

पण या शिस्तीला अपवाद आहेत आणि ते सगळ्यांना माहीत असायला हवेत. शेजाऱ्याचा चेहरा अचानक एका बाजूला झुकला, एक हात उचलता येईना, बोलणं जड किंवा असंबद्ध झालं, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे संकोच, परवानगी, ‘आपण कशाला मधे पडा’ यांतलं काही नको. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा, आणि लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. तोंडातून पाणी किंवा गोळी देऊ नका, गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.

आजारी माणूस स्वतः ‘काही नाही, बरं वाटेल’ म्हणत असेल तरी थांबू नका. बाकी सगळ्या वेळी त्याचं म्हणणं शेवटचं माना. या एका वेळी नाही.

रानवारा

वैद्यकीय_सेवक, हा अपवाद इतका स्पष्ट लिहिलात याबद्दल आभारी आहे. विनयाच्या नावाखाली मागे सरणं हा माझ्या मांडणीतला कच्चा दुवा होता, तो तुम्ही आणि दुसरी_बाजू यांनी मिळून भरून काढलात.

दुसरी_बाजू

सगळं वाचलं. या रविवारी सकाळी वर जायचं ठरवलंय. कंपास, जाताना फेल्टचं पाकीट घेऊनच जावं म्हणतो, म्हणजे त्यांना काही शोधायला नको. आणि रानवारा, सुरुवात कशी करू? लिफ्टमधला प्रसंग त्यांच्याही लक्षात असणार.

श्रवणा

मी मधेच बोलते. पाकीट नेऊ नका, निदान पहिल्यांदा नको. हातात उपाय घेऊन दारात उभा राहिलेला माणूस निकाल लावून आलाय असं वाटतं. आधी त्यांच्या घरात काय आहे ते कळू दे. लहान मूल आहे? कुणी रात्रपाळीवरून उशिरा येतं? घरात कुणी वॉकर घेऊन चालतं? तुम्हाला माहीत आहे का?

दुसरी_बाजू

नाही. घरात किती जण राहतात हेही नक्की माहीत नाही.

रानवारा

मग त्यांना दहा मिनिटं तुमच्या घरी बोलवा. ‘वर तुम्हाला जाणवत नसेल, एकदा आमच्या खोलीत बसून ऐकता का? घरातल्या कुणालातरी नेहमीसारखं वावरायला सांगा.’ कंपास म्हणाले तसं त्यांना ते ऐकू येत नाही, तर ऐकू येऊ दे. आणि तुम्हीही थोडा वेळ वर बसा.

कंपास

हे उत्तम. ऐकताना खिडक्या बंद ठेवा आणि पंखाही बंद करा, नाहीतर दिवसा त्यांना काहीच कळणार नाही. त्यांनी स्वतःहून विचारलं तर मग फेल्टचं सांगा. जड खुर्च्यांना खिळ्याचं किंवा स्क्रूचं घ्यायला सांगा. नुसतं चिकटवायचं रोजच्या ओढाताणीत सरकतं, आणि मग आवाज परत सुरू झाला की पुन्हा तुम्हालाच वर जावं लागेल.